अहवालाखालची सही

नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. रेल्वे स्टेशनवर सापडलेला, तिथून बालगृहात आणलेला. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर सदस्य होते. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा असं कायदा सांगतो, तसा तो वेळेत आला. ‘घरची परिस्थिती हलाखीची. वडील व्यसनाधीन. आई मोलमजुरी करते, बालकाकडे लक्ष देऊ शकत नाही. बालकास संस्थेत ठेवणे हिताचे.’ खाली सही आणि शिक्का. त्या दिवशी समोर फायलींचा ढीग होता. आम्ही अहवाल वाचला, मुलाशी दोन शब्द बोललो आणि त्याला बालगृहात ठेवण्याचा आदेश दिला. वडिलांबद्दल त्यालाच विचारावं, हे आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही. कागदावर लिहिलेलंच होतं ना.

आई आली ती चार महिन्यांनी. पोराला शोधत शोधत आली होती. मी तिला नवऱ्याच्या दारूबद्दल विचारलं, तेव्हा ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “माझा माणूस जाऊन दोन वर्षं झाली, ताई. पोरगं माझ्या आईपाशी असतं. तुमचं कोणी घरी आलंच नाही.” फाइलमध्ये गृहभेटीची तारीख मात्र होती. मी जुन्या फायली काढायला लावल्या, तर तीच चार वाक्यं आणखी तीन मुलांच्या अहवालांत निघाली. फक्त नावं बदललेली.

अहवाल लिहिणारा कंत्राटी होता. त्याचं कंत्राट पुढे वाढवलं नाही, एवढंच झालं. काही महिन्यांनी कळलं की शेजारच्या जिल्ह्यात तो तेच काम करतोय. तिथल्या लोकांना आधीचं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हावं अशी सोयही कुठे नव्हती. वकिलाने असं केलं तर बार कौन्सिलकडे जाता येतं, डॉक्टरने केलं तर मेडिकल कौन्सिलकडे. समाजकार्यकर्त्याविरुद्ध ही बाई कुठे जाणार?

त्या माणसाची बाजूही सांगायला हवी. सगळ्या जिल्ह्याच्या गृहभेटी त्याच्या एकट्याच्या गळ्यात होत्या. गाडी नाही, प्रवासभत्ता महिनोन्‌महिने थकलेला. वेळेत अहवाल दिला नाही तर मेमो, आणि खोटा दिला तर कोणी विचारत नाही, अशा जागी तो बसला होता.

या प्रसंगाला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून एक प्रश्न मनातून गेलेला नाही: समाजकार्य करणाऱ्यांवर सरकारी नियमन असावं का? सुरुवातीला माझं उत्तर साफ ‘नाही’ असं होतं, आणि त्याची कारणं आजही मला खोटी वाटत नाहीत. आपल्याकडे समाजसेवा हा शब्द फार ऐसपैस आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. त्यांना कोणाकडून परवाना घ्यावा लागला असता, तर त्या काळच्या प्रतिष्ठितांच्या मंडळाने तो दिलाच नसता. आजही धरणग्रस्तांना घेऊन कलेक्टर कचेरीवर जाणारा कार्यकर्ता, रेशन दुकानदाराशी भांडणारी वस्तीतली बाई, वीटभट्टीवरच्या पोरांना शिकवणारा तरुण, यांच्या हातात सरकारने परवाना ठेवला, की तो काढून घेण्याचा अधिकारही सरकारकडेच राहतो. ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा, त्याच्याच दारात नूतनीकरणासाठी उभं राहायचं. हे मला कधीच मान्य होणार नाही.

पण तो मुलगा डोळ्यांसमोर आला की हे उत्तर अपुरं पडतं. त्याच्या घराचा निकाल चळवळीतल्या कार्यकर्त्याने लावला नव्हता. शासनाच्या वतीने लिहिलेल्या एका कागदाने लावला होता.

बाल न्याय अधिनियम, घरगुती हिंसाचाराचा कायदा, दत्तकविधानाचे नियम, परिवीक्षा कायदा पाहा. या सगळ्यांत कुणीतरी घरी जातं, बघतं, लिहितं, आणि त्या लिहिण्यावर आदेश निघतो. मूल आईकडे जायचं की संस्थेत, दत्तक मागणारं जोडपं योग्य आहे की नाही, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या पोराला सुधारायची संधी द्यायची की नाही, याचा पाया तो अहवाल असतो. दंडाधिकारी त्या घरी जात नाही, समितीही जात नाही. त्या घरात शिरलेले डोळे एकट्या अहवाल लिहिणाऱ्याचे असतात. माझ्या मते नियमनाची रेघ इथे ओढावी. सेवा कोणीही करावी. पण ज्याच्या सहीने शासनाचा आदेश हलतो, त्याचं नाव कुठल्यातरी जाहीर नोंदवहीत असलं पाहिजे.

आज ही रेघ भलत्याच ठिकाणी ओढलेली आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसोपचार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी आणली. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या यादीत वैद्यकीय समाजकार्यकर्तेही आले. आपल्या सरकारी रुग्णालयांत ज्यांना समाजसेवा अधीक्षक म्हणतात, ते या बाजूचे. म्हणजे दवाखान्याच्या आतला समाजकार्यकर्ता नियमनाखाली आणि बाहेरचा मोकळा. मी अनेक वर्षं समाजकार्य महाविद्यालयात शिकवलं. एकाच बाकावर बसून एमएसडब्ल्यू झालेल्या दोन मुली मला आठवतात. एक रुग्णालयात लागली, दुसरी बाल संरक्षण कक्षात. पहिलीच्या हाती रुग्णाला मदतनिधी मिळवून देणं, घरच्यांना समजावणं, पुढच्या उपचाराची सोय लावणं अशी कामं. दुसरीच्या हाती मूल आईपासून वेगळं करण्याची शिफारस. कायद्याची नजर पहिलीवर आहे.

इमारतीचा नकाशा काढणाऱ्याला नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ अशी पाटी लावता येत नाही, तसा कायदा 1972 पासून आहे. त्या इमारतीतलं कुटुंब एकत्र राहावं की नाही हे लिहिणाऱ्याला मात्र काहीच बंधन नाही. आणि हे आपल्या मुंबईत, जिथे 1936 मध्ये देशातलं समाजकार्याचं पहिलं व्यावसायिक शिक्षण सुरू झालं. सर दोराबजी टाटा स्कूल म्हणून सुरू झालेली ती संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. शिक्षणाला नव्वद वर्षं होत आली, समाजकार्याच्या राष्ट्रीय परिषदेचे मसुदे 1990 च्या दशकापासून फिरताहेत, पण परिषद नाही.

शिक्षणाने फरक पडतो, हे मी पुस्तकातलं सांगत नाही. 1984 मध्ये टाटा इन्स्टिट्यूटने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे राज्य शासनाने तो स्वीकारला आणि महाराष्ट्रभर नेला. मार खाऊन आलेली बाई तिथे बसते तेव्हा समोरची कार्यकर्ती ‘नांदायला जाणार का’ असं विचारून सुरुवात करत नाही. ‘आत्ता घरी जायला भीती वाटते का, पोरं कुठे आहेत, तुम्हाला काय हवंय’ असं विचारते, आणि लिहिताना बाईचे शब्द बाईचेच ठेवते. पहिला प्रश्न कुठला विचारायचा, हे क्षेत्रकार्यात चुका करून, पर्यवेक्षकाची बोलणी खाऊन शिकावं लागतं.

नोंदणीचा रस्ता इंग्लंडने आधीच धरला. तिथे 2005 पासून नोंदणी नसलेल्याला ‘सोशल वर्कर’ म्हणवून घेता येत नाही. 2019 पासून त्यासाठी ‘सोशल वर्क इंग्लंड’ ही स्वतंत्र संस्था आहे. नोंदवहीत नाव कोणीही शोधू शकतं, तक्रार करू शकतं. हे आपण घ्यावं. अमेरिकेचा अनुभव वेगळा आणि सावध करणारा आहे. तिथे राज्याराज्यांत परवान्यासाठी परीक्षा आहेत. परीक्षा घेणाऱ्या संघटनेने 2022 मध्ये स्वतःच आकडे जाहीर केले, तेव्हा कृष्णवर्णीय उमेदवारांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा फार कमी असल्याचं उघड झालं. इलिनॉय राज्याने तर उपचार न करणाऱ्या समाजकार्यकर्त्यांच्या परवान्याची परीक्षाच काढून टाकली. आपल्याकडे अशी इंग्रजी परीक्षा आली, तर मेळघाटातली कोरकू बोलणारी मुलगी बाहेर राहील आणि कोचिंग क्लासवाले आत येतील. मला परीक्षा नको. पदवी चालेल, आणि पदवी नसलेल्यांसाठी पर्यवेक्षणाखाली केलेल्या कामाची मोजदादही चालेल. बाल न्याय मंडळावरच्या दोन समाजकार्यकर्त्या सदस्यांसाठी कायदा मुलांसाठीचं सात वर्षांचं काम ग्राह्य धरतोच.

नोंदवहीसाठी जो कायदा होईल, त्यातच आणखी दोन गोष्टी यायला हव्यात. एका माणसाकडे किती प्रकरणं द्यायची याची मर्यादा, आणि गृहभेट न करता अहवालावर सही करायला नकार देण्याचा हक्क. साहेबाने ‘उद्यापर्यंत द्या’ म्हटल्यावर कंत्राटी मुलगी आज काय बोलणार? नोंदणी असेल तर तिला सांगता येईल, की अशी सही केली तर माझं नाव जाईल. तेवढं बळ तिला मिळत नसेल, तर नियमन म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं होईल.

यासाठी दिल्लीची वाट बघायची गरज नाही. विधी, वैद्यकीय व इतर व्यवसाय हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या विधिमंडळालाही असा कायदा करता येतो. तो होईपर्यंत समित्यांवर, मंडळांवर, न्यायालयांत बसणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. अहवाल हातात आला की आधी खालची सही आणि भेटीची तारीख बघा. सही करणाऱ्याला समोर बोलवा, त्या घरात काय पाहिलं ते तोंडी सांगायला लावा. आणि मूल समोर बसलेलं असेल, तर त्याच्या वडिलांबद्दल आधी त्यालाच विचारा.