चालू इंजिनाचा मोह

सिम्युलेटरमध्ये उड्डाण सुरू करण्याआधी एक पान उघडतं. विमानातल्या कुठल्या खुर्चीत किती वजनाचा माणूस बसलाय, हे त्यात भरायचं असतं. पुढे दोघं, मधे दोघं, मागे दोघं, शिवाय सामान. माणसांना नाव नाही, चेहरा नाही, नुसते किलो. पण ते किलो खरे असतात. ते वाढवले की विमान धावपट्टीवर जास्त लांब पळतं, गुरुत्वमध्य सरकतो, आणि एक इंजिन बंद पडलं तर वर चढता येईल की नाही हेही त्यांच्यावरच ठरतं. या किलोंचं आपण काही देणं लागतो का? प्रश्न वेडगळ आहे, मान्य. तरी वर्षभर तो डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना या छंदाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिम्युलेटर विकत घेतला की त्यात काही विमानं आयती मिळतात. पण खरे शौकीन वेगळे पैसे मोजून एखादंच विमान घेतात, त्याला ॲड-ऑन म्हणतात. चांगल्या ॲड-ऑनमध्ये प्रत्येक बटण चालतं, इंधनाच्या टाक्या बदलाव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे वस्तू बिघडतात. माझ्याकडे बीचक्राफ्ट बॅरन आहे. सहा आसनं, दोन इंजिनं, प्रत्येकी ३०० अश्वशक्ती. एखाद्या डॉक्टरने किंवा कारखानदाराने स्वतः चालवावं अशा बेताचं विमान. माझं अर्थात टेबलावर उडतं, पायाशी रडरची पेडलं, बाजूला गार झालेला चहा.

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असं कुणालाही वाटेल. एक गेलं तर दुसरं आहेच. वैमानिकांमध्ये यावर एक जुना कडवट विनोद आहे: दुसरं इंजिन तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन पोचवतं. त्यामागचं गणित सोपं आहे. दोन्ही इंजिनं चालू असताना बॅरन समुद्रसपाटीजवळ मिनिटाला सुमारे १७०० फूट चढतं. एक बंद पडलं की जेमतेम ४००. तेही चाकं आत घेतली असतील आणि बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याशी समांतर वळवली असतील तर. या पाती वळवण्याला फेदर करणं म्हणतात. शक्ती निम्मी गेली, पण चढण्याची ताकद तीन-चतुर्थांशाहून जास्त गेली, कारण शक्तीचा मोठा हिस्सा नुसतं हवेत टिकून राहण्यातच खर्च होतो. पगार निम्मा झाल्यावर बचत निम्मी होत नाही. भाडं आणि हप्ते तेवढेच राहतात, बचत संपते.

पण खरी गोम पुढे आहे. वेगाच्या तबकडीवर एक निळी रेघ असते आणि एक लाल. बॅरनच्या नव्या अवतारात निळी १०१ नॉटला, लाल ८४ ला. एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढायचं तर निळी रेघ धरायची. लाल रेघेच्या खाली गेलात तर रडर पूर्ण दाबूनही विमान सरळ राहत नाही. एका पंखावर चालू इंजिन जिवाच्या आकांताने पुढे ओढतंय, दुसऱ्या पंखावर नुसता अडथळा. विमान बंद इंजिनाकडे वळतं, मग कलतं, आणि काही सेकंदांत पाठीवर. म्हणजे उलथवणारं इंजिन बंद पडलेलं नसतंच, ते असतं चालू असलेलं. त्यातून सुटायचा उपाय एकच: नाक खाली करा आणि चांगल्या इंजिनाची ताकद कमी करा. जमीन जवळ असताना. जे एकच काम करतंय त्याचाच हात सोडा.

म्हणून टेकऑफच्या आधी प्रत्येक वैमानिक स्वतःशी, किंवा शेजारच्याला ऐकू जाईल असं, ठरवून बोलतो. अमुक टप्प्याआधी इंजिन गेलं तर दोन्ही थ्रॉटल मागे, आणि समोर जी जागा असेल तिथे उतरायचं. शेत असेल तर शेतात. विमान मोडेल, मोडू दे.

याला धैर्य लागतं असं आपण म्हणतो. सिम्युलेटरवर टीका करणारेही तेच म्हणतात: खुर्चीत बसून शौर्य शिकता येत नाही, कारण तिथे गमावण्यासारखं काही नाही. पहिलं अर्धं विधान मला मान्य आहे. माझी नाडी वाढते, हाताला घाम येतो, पण ती भीती नव्हे. क्रिकेटच्या शेवटच्या षटकात येतो तो घाम आणि हा एकच. ज्याला पॉजचं बटण आहे त्याने त्या घामाला धैर्य म्हणू नये.

पण त्या क्षणी धैर्यच लागतं का, याची मला शंका आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून एअरबसची दोन्ही इंजिनं निकामी झाली आणि कॅप्टन सलनबर्गरने विमान हडसन नदीत उतरवलं. पुढे चौकशीत सिम्युलेटरवर तोच प्रसंग पुन्हा उभा केला. पक्षी आदळताक्षणी मागे वळलेल्यांपैकी काहींना विमानतळ गाठता आला. पण काय झालंय हे समजून घ्यायला माणसाला वेळ लागतो, म्हणून ३५ सेकंदांचा उशीर घालून पाहिला, तेव्हा पोचता आलं नाही. मला यातली ३५ सेकंदं फार मोलाची वाटतात. सिम्युलेटरमधल्या वैमानिकाला काय होणार हे ठाऊक असतं. खऱ्या माणसाला आधी विश्वास ठेवावा लागतो की हे आपल्याच बाबतीत घडतंय. बॅरनमध्ये चाकं नुकतीच सुटलेली असताना तेवढा वेळ नसतोच. तिथे ठरवणारा माणूस दुसराच असतो: पाच मिनिटांपूर्वी, जमिनीवर, काहीच बिनसलेलं नसताना तो बोलून गेलेला असतो. हवेतल्याने फक्त त्याचं ऐकायचं.

ऐकलं गेलं नाही की काय होतं? ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईहून ट्रान्सएशियाचं एटीआर ७२ उडालं. उजव्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला. कॅप्टनने बंद केलं ते डावं, म्हणजे चांगलं. विमान एका उड्डाणपुलाला घासून कीलुंग नदीत कोसळलं. ५८ पैकी ४३ जण गेले. हाच कॅप्टन आधी सिम्युलेटरच्या एका चाचणीत नापास झाला होता आणि नंतर पास झाला, हे चौकशी अहवालात आलं. त्यातून मी सिम्युलेटर किती खरा असतो असा डंका पिटणार नाही. नापास होऊन पुढे उत्तम वैमानिक झालेलेही असतील. मला एवढंच दिसतं, की लुटुपुटीच्या खोलीतही काहीतरी खरं उघडं पडलं होतं, आणि ते कुठल्यातरी कागदावर राहिलं.

खेळणं आणि साधन यांच्यातली रेषा तशी पहिल्यापासूनच पुसट आहे. एडविन लिंकने १९२० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बिंगहॅम्टनमध्ये पहिला यशस्वी सिम्युलेटर बनवला. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता, तिथलेच भाते आणि हवेचे पंप त्याने वापरले. सुरुवातीला ही पेटी घेतली ती मुख्यतः करमणुकीच्या बागांनी. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचं काम आलं, खराब हवेत वैमानिक मरू लागले, आणि मग लष्कराने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. पेटी तीच होती.

माझी मामेबहीण सध्या कमर्शियल पायलटचं लायसन्स घेतेय. दोन इंजिनांचं रेटिंग नुकतंच झालं. दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी जरा फुशारकीनेच बॅरन काढलं. तिने पेडलं दाबून पाहिली, ‘फार हलकी आहेत रे दादा’ म्हणाली, आणि मग विचारलं, ‘तू किती वेळा टेकऑफनंतर लगेच इंजिन फेल केलंयस?’ मोजलं नव्हतं, पण शंभराच्या वर नक्की. ती म्हणाली, ‘मी एकदाही नाही. आमच्या सरांनीसुद्धा नाही.’ खऱ्या विमानात हा सराव धावपट्टीवर कमी वेगात करतात, नाहीतर वर, पुरेशी उंची गाठल्यावर. मधली ती काही सेकंदं मुद्दाम कुणी करून बघत नाही, कारण सराव करतानाच माणसं मेलेली आहेत. म्हणजे त्या क्षणाबद्दल तिला जे माहीत आहे तेही आकडे, वाचन, सिम्युलेटर आणि रोजचं बोलणं यांतूनच आलंय. फरक इतकाच, की तिला ते उद्या लागू शकतं.

मग तिने एक गोष्ट दाखवली, जी मला इतक्या उड्डाणांत सुचली नव्हती. इंजिन बंद केलं, दोन्ही थ्रॉटल मागे ओढले, आणि विमान सरळ समोरच्या शेतात नेलं. पंखांची पातळी सांभाळली, वेग कमी ठेवला, पोटावर टेकवलं. पडदा काळा. विमान कोसळल्याचा संदेश. ‘बघ,’ ती म्हणाली, ‘हे बरोबर होतं. यात बहुधा सगळे जिवंत असते.’

सॉफ्टवेअरला हे कळत नाही. जाणूनबुजून मोडलेलं विमान आणि पाठीवर पडून जळालेलं विमान त्याच्या लेखी एकच. हडसनवर १५५ जण वाचले आणि विमान पुन्हा उडालं नाही. माझ्या संगणकाने तोही क्रॅशच धरला असता. उलट एका इंजिनावर, नशिबाच्या जोरावर, झाडांना चाटून जो परत येतो त्याला ‘यशस्वी लँडिंग’ मिळतं, आणि मित्रांना पाठवायला व्हिडिओही. पहिल्या पानावर भरलेल्या माणसांचं वजन शेवटपर्यंत मोजलं जातं, जीव एकदाही मोजला जात नाही. परिणाम नसणं ही सिम्युलेटरची उणीव मी मानतच नाही. त्याची उणीव ही, की तो चुकीच्या गोष्टीचे गुण देतो. आणि गुणांची सवय किती खोल जाते, हे दहावी-बारावीतून गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

तेव्हा ती सहा माणसं मोजायचं काम माझ्याकडे येतं. ती नाहीत, हे मला माहीत आहे. पण विमान वाचवायचा मोह मात्र माझाच आहे, तो काही सॉफ्टवेअरने तयार केलेला नाही. चालू असलेल्या गोष्टीला चिकटून राहण्याची ओढ मी ऑफिसात पाहतो, नात्यांत पाहतो, आणि या टेबलावरही पाहतो. इथे ती निदान नॉटमध्ये मोजता येते.

आता मी कोल्हापूरहून उडतो तेव्हा आधी धावपट्टीच्या टोकापलीकडे कॅमेरा फिरवून जागा शोधून ठेवतो. उपग्रहाच्या फोटोत एक लांब, सपाट, हिरवी पट्टी दिसली. कसली आहे ते कळेना, म्हणून तिकडच्या एका मित्राला फोटो पाठवून विचारलं. तो म्हणाला, ‘ऊस. तोडणी झाली की मोकळी असते.’ म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये चालेल. पावसाळ्यात उडायचं तर दुसरं शेत बघायला हवं.