शाळा कोणासाठी?

परदेशी स्थायिक होण्यास निघालेली कुटुंबे आमच्या कचेरीत येतात, ती बहुधा एका कागदासाठी. दोन वर्षांपूर्वी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात निघालेले एक तरुण दांपत्य आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या स्नानसंस्काराचा दाखला मागावयास आले. सोबत मुलगी होती, मुलीची आजीही होती. दाखला लिहिताना आम्ही कारण विचारले. "शाळेसाठी, फादर," वडील म्हणाले, "तिथल्या कॅथलिक शाळेत नाव घालायला लागतो." मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "तुम्हीच सांगा, हिला कोणत्या शाळेत घालू?"

प्रश्न साधा दिसतो, परंतु तसा तो नाही. ऑन्टारिओत सार्वजनिक आणि कॅथलिक अशा दोन्ही शाळा शासनाच्या खर्चाने चालतात. कॅथलिक शाळांच्या हक्काला तेथील १८६७ सालच्या घटनात्मक कायद्याचे संरक्षण आहे. दोन्हीकडे फी नाही. मात्र मुलाची शाळा सामान्यतः घराच्या पत्त्यावरून ठरते. म्हणजे शाळा निवडावयाची तर आधी वस्ती निवडावी लागते. तिसरी आणि सहावीच्या मुलांची वाचन, लेखन व गणित या विषयांत प्रांतभर परीक्षा होते. तिच्या निकालांवरून शाळांच्या क्रमवाऱ्या तयार होतात. आमच्यासमोर बसलेल्या वडिलांच्या मोबाईलवर तशीच एक यादी होती. वसईत बसून ते तेथील भाड्याची घरे त्या यादीशी ताडून पाहत होते.

यादी पाहणे गैर नाही. मुलांना उत्तम शिक्षण मिळावे ही इच्छा पवित्रच आहे. परंतु आम्ही अनेक कुटुंबांत पाहिले आहे की, या इच्छेच्या पोटात आणखी एक इच्छा दडलेली असते. वाडी गहाण पडलेली असते, चालू नोकरी सोडलेली असते, म्हाताऱ्या आईवडिलांना मागे ठेवलेले असते. "हे सारे मुलांसाठी" असे आपण सांगतो, आणि मग मुलाने पहिल्या क्रमांकाच्या शाळेत जाऊन ते खरे करून दाखवावे, अशी अपेक्षा धरतो. आपल्या निर्णयाचे समर्थन करण्याचा भार अशा रीतीने मुलाच्या दप्तरात जाऊन पडतो. मनुष्याला केवळ साधन मानू नये, तो स्वतःच साध्य आहे, असे तत्त्ववेत्ते कान्ट यांनी १७८५ साली मांडले. हे तत्त्व परक्या माणसाच्या बाबतीत आपल्याला चटकन पटते. पोटच्या मुलाच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो, कारण तेथे प्रेमाची आणि स्वार्थाची सरमिसळ झालेली असते.

निवडीचा अधिकार आईवडिलांचा आहे, याविषयी ख्रिस्तसभेच्या मनात संदेह नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात आईवडिलांनाच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, संत थॉमस अक्वायनस यांनी ज्यू मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार देऊ नये, असे प्रतिपादन केले. विवेक जागा होईपर्यंत मूल आईवडिलांच्या देखभालीत जणू एखाद्या आत्मिक उदरात असते, असा त्यांचा दृष्टान्त आहे. परंतु उदर हे मालकीचे प्रतीक नव्हे. मूल तेथे वाढते ते एक दिवस बाहेर येण्यासाठीच.

आणि विवेकाचे वय कोणते? ख्रिस्तसभेचा कायदा सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला विवेक आला आहे, असे गृहीत धरतो. म्हणूनच त्या वयाच्या मुलांना आपण पापनिवेदनासाठी तयार करतो. आपल्या चुकांचा जाब देण्याइतके मूल मोठे झाले असेल, तर आपल्या शाळेविषयी चार शब्द बोलण्याइतकेही ते मोठे झालेले असते. आम्ही मुलीकडे वळून विचारले, "बाळ, तुला कशी शाळा हवी?"

तिने आजीकडे पाहिले आणि म्हणाली, "सुटल्यावर आजीला फोन करता येईल अशी."

वडील हसले. आम्ही हिशेब केला. तेथे दुपारी साडेतीनला शाळा सुटते, तेव्हा वसईत मध्यरात्र उलटून गेलेली असते. फोन व्हावयाचा तर तो सकाळी, शाळेपूर्वी. तेथील सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच, हिवाळ्यात सहा. दूरच्या नामांकित शाळेसाठी पहाटेच घर सोडावे लागले, तर ती वेळ बसमध्ये जाईल. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असली, तर तीच वेळ आजीची होईल. कोणत्याही क्रमवारीत ही गोष्ट मोजलेली नसते.

मुलाचे ऐकणे म्हणजे मुलाच्या मनाप्रमाणेच वागणे नव्हे. आठ वर्षांच्या मुलीला गणिताचे मोल कळत नाही, ते आईवडिलांनीच जाणावयाचे. पण आपल्यापासून काय तुटणार आहे, हे तिला मोठ्यांहून अधिक स्वच्छ कळत होते. तिच्या बोलण्याने प्रश्न सुटला नाही, पण त्याला तिची बाजू मिळाली. आम्ही दाखल्यावर सही केली आणि एवढेच म्हणालो, "घर पाहाल तेव्हा हिचे म्हणणेही यादीत लिहा."

त्यांनी कोणत्या क्रमांकाची शाळा घेतली, हे आम्हांला ठाऊक नाही. आजी मात्र हल्ली संध्याकाळच्या मिस्सेला येत नाहीत, सकाळच्या मिस्सेला येतात. कारण आम्ही विचारलेले नाही.