रबराचा पॅड, अक्रोडाचा दस्ता आणि 'तीच' रायफल

विंचेस्टर कंपनीची मॉडेल ७० ही रायफल अमेरिकेत १९३६-३७च्या सुमारास बाजारात आली. तिच्या .३७५ मॅग्नमसारख्या जबर धक्क्याच्या आवृत्त्यांना दस्त्याच्या टोकाला लाल रबराचा पॅड लावलेला असे. त्या काळातले असे अनेक पॅड आज कडक होऊन तडकले आहेत, त्यांच्या कडांचा भुगा झडतो. नैसर्गिक रबराच्या लांबलचक रेणूंवर हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन वर्षानुवर्षे हल्ला करत राहतात. वापरा किंवा कपाटात ठेवा, रबर म्हातारं होतंच. अक्रोडाचं लाकूड मात्र जवसाच्या तेलाचा हात अधूनमधून फिरवला, तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं.

गोळी पुढे सुटते तेव्हा रायफल मागे येते. पॅड तो धक्का नाहीसा करत नाही. स्वतः दबून तो थोड्या जास्त वेळात खांद्यापर्यंत पोचवतो, म्हणून मार सौम्य लागतो. दबणंच थांबलं की पॅडचं काम संपलं. मग मालकासमोर प्रश्न येतो: हा बदलला, तर रायफल तीच राहील का? जुन्या वस्तूंचा संग्राहक म्हणतो, कारखान्यातून आलेला एकही भाग हलवू नका. नेमबाज म्हणतो, खांदा माझा आहे. कायद्याचं उत्तर सगळ्यांत कोरडं: रायफलीची ओळख धातूवर कोरलेल्या क्रमांकात असते, रबराशी त्याला देणंघेणं नाही.

हा वाद बंदुकांपेक्षा फार जुना आहे. प्लूटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. अथेन्सचे लोक त्याची कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले आणि तत्त्वज्ञ भांडत राहिले. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात पेच वाढवला: काढलेल्या सगळ्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं जहाज पुन्हा जोडलं, तर खरं कोणतं? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे चाक, आस की जू? एकेक भाग नाकारत तो राजाला या निष्कर्षाला आणतो की 'रथ' हे जुळवलेल्या भागांना व्यवहारासाठी दिलेलं नाव आहे.

न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या पंडितांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा 'अवयवी' खरोखर असतो. पण याच मताची किंमत त्यांना मोजावी लागली. अवयवांचा संयोग मोडला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो, असं त्यांना म्हणावं लागलं. या हिशोबाने पॅडचे दोन स्क्रू काढताक्षणी रायफल नाहीशी व्हायला हवी! विचार काटेकोर आहे, पण माणसं वस्तूंसोबत ज्या रीतीने जगतात ती त्यात मावत नाही.

ती रीत पुरीला दिसते. जगन्नाथाची मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाची आहे आणि लाकूड झिजणार, हे तिथल्या परंपरेने गृहीत धरलं आहे. अधिक आषाढ येतो अशा ठरावीक वर्षी नवकलेवर होतं. १९९६ आणि २०१५ साली झालं. नवी मूर्ती घडते, 'ब्रह्मपदार्थ' रात्रीच्या अंधारात, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सेवकांच्या हातून जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत जातो आणि जुन्या मूर्तीला मंदिराच्या आवारातच समाधी दिली जाते. देव बदलला, असं कोणी भाविक म्हणत नाही. पंढरपूरची वाट वेगळी आहे. तिथे पाषाणाची मूर्ती बदलत नाहीत, तिची झीज रोखायला वज्रलेप करतात. दोन्हीकडे श्रद्धा सारखीच, पण काय बदलायचं आणि काय राखायचं हे आधी ठरलेलं आहे.

हेच ठरवणं महत्त्वाचं. पॅड झिजण्यासाठीच लावलेला असतो, म्हणून त्याच्या बदलण्याने रायफलीचं काही हरवत नाही. हरवतं ते दुसऱ्याच ठिकाणी. नवा पॅड जुन्यापेक्षा जाड निघतो, ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर वाढतं आणि कुणी तरी दस्ताच कापून टाकतो. किंवा पॅड दस्त्याच्या कडांबाहेर येतो म्हणून पॅडबरोबर लाकूडही घासलं जातं. जाणता कारागीर तसं करत नाही. तो आधी ते अंतर मोजून घेतो आणि जुन्याच जाडीचा पॅड शोधतो. मग लाकडावर चिकटपट्टी लावतो, दस्त्याची बाह्यरेषा पॅडवर आखतो आणि पॅड सुटा करून त्या रेषेपर्यंत घासतो. दस्त्याच्या वरच्या-खालच्या रेषांचा उतार पॅडमध्येही तसाच चालू ठेवतो. नव्याने जुन्याच्या मापात बसायचं, जुन्याने नव्यासाठी छाटून घ्यायचं नाही. वस्तूचं 'तेपण' टिकतं ते या क्रमामुळे. मूळ अणू किती उरले, यावर ते अवलंबून नाही.

याचा पुरावा मॉडेल ७०च्याच इतिहासात आहे. १९६४ साली कंपनीने उत्पादन स्वस्त करण्यासाठी रचनाच बदलली आणि काडतूस पकडून धरणारा लांब पंजा काढून टाकला. नाव तेच राहिलं, रायफली कोऱ्या होत्या, तरी जाणकारांनी '६४ आधीची' आणि '६४ नंतरची' अशी कायमची फाळणी केली. पुढे १९९०च्या दशकात कंपनीला तो पंजा परत आणावा लागला.

तेव्हा जुन्या रायफलीचा पॅड तडकला असेल, तर तो निःशंक मनाने बदलावा. काढलेला पॅड आणि त्याचे स्क्रू चिठ्ठी लावून जपून ठेवावेत, पुढच्या मालकाला त्यांची गरज पडेल. घासायचं ते रबर घासावं. अक्रोडाला करवत लावू नये.