पाकशाळेतील परभाषा

इंग्लंड-ऑस्ट्रेलियांतील कित्येक प्राथमिक शाळांत चिनी भाषेच्या तासाला मुलांकडून स्वयंपाक करवून घेतात. पारी लाटावयाची, तीत सारण भरावयाचे, कडा दुमडून मिटावयाच्या. आपल्या करंजी-मोदकांच्या जातीचा हा पदार्थ उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री घरोघर सर्वांनी मिळून करतात. गुरुजींच्या सूचना अर्थातच चिनी भाषेत. आमच्या नाशिक रोडच्या एखाद्या सुशिक्षित पालकास ही हकीकत सांगावी, तर तो विचारील, 'मुलाला भाषा शिकावयास पाठविले की आचारी व्हावयास?' या प्रश्नात भाषेविषयीची कळकळ थोडी आणि स्वयंपाकाविषयीची तुच्छता अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

भाषेपुरते उत्तर सोपे आहे. चिनी भाषेत सुराच्या चढउताराने अर्थ पालटतो. 'थांग' हा शब्द उंच व सपाट सुरात उच्चारला तर त्याचा अर्थ सार; तोच सूर वर चढवीत नेला तर साखर. वहीत हा भेद चुकला तर एक लाल रेघ, आणि ती गुरुशिष्यांनी मिळून विसरावयाची! परंतु चुलीपाशी एकाने सार मागितले आणि दुसऱ्याने साखर ओतली, तर ती चूक सर्वांच्या पानात येते. उच्चारलेल्या शब्दाचे उत्तरदायित्व आपल्याकडे असते, ही जाणीव व्याकरणाच्या पुस्तकातून क्वचितच येते. महाविद्यालयांत तर ती आलेली आम्ही फारशी पाहिली नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास भरलेल्या परिषदेने हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्यबिंदू ठरविला, आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. पुढे सेवाग्रामी शेत, सफाई आणि स्वयंपाकघर हीही पाठशाळाच झाली.

खरी अडचण पुढेच आहे. आपल्या समाजात स्वयंपाकघराइतकी कडेकोट जागा दुसरी नाही. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, हे मूल बाराखडीच्याही आधी शिकते. ज्या नाशकात काळारामाच्या दर्शनासाठी १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, तेथे वीस मुलांनी एका परातीत कणीक मळणे ही केवळ गंमत राहत नाही. कोणी घरून चिठ्ठी आणील, कोणी आपला डबा घेऊन दूर बसेल. अशा वेळी गुरुजींनी काय करावे? पदार्थ शाकाहारी ठेवावा; व्रताला आणि प्रकृतीला खुशाल सवलत द्यावी; परंतु शेजाऱ्याच्या हाताच्या विटाळाला ती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. येथे गुरुजी कचरले तर तास मोडला तरी चालेल.

पदार्थ आवडला म्हणजे तो करणारी माणसे आवडली, असेही समजू नये. आपल्याकडे गल्लोगल्ली 'चायनीज'च्या गाड्या आहेत. तथापि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यातील परकीय भाषांच्या नामावळीत असलेले चिनीचे नाव २०२० च्या धोरणात उरले नाही. जिव्हेची मैत्री पानावरून उठताच संपते. म्हणून असा तास खाण्यापाशी संपवू नये. भांडी घासण्याच्या सूचनाही त्याच भाषेत द्याव्यात, आणि पहिल्या दिवशी त्या पोळपाट-लाटणे मुलींकडे सरकविणाऱ्या मुलग्यांना द्याव्यात.