वेशाची मुभा आणि भूमिकेचे ओझे

वेश हा माणसाच्या सामाजिक स्थानाचा निर्देश करतो, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ मध्ये श्रीमंतांच्या वस्त्रप्रावरणातील दिखाऊ खर्चाचे विश्लेषण केले. रोलाँ बार्थने १९६७ मध्ये फॅशनकडे चिन्हव्यवस्था म्हणून पाहिले. मराठीत तर मध्यमवर्गाचे नावच ‘पांढरपेशा’ असे पडले आहे. परंतु वेश काय सांगतो, हा प्रश्न सोडवला म्हणजे दुसरा प्रश्न सुटतोच असे नाही. तो वेश कोणी ठरवला, आणि तो उतरवण्याची मुभा कोणाला आहे, हा तो दुसरा प्रश्न होय. पहिल्याचे स्वरूप चिन्हमीमांसेचे आहे, दुसऱ्याचे नैतिक.

ह्या दोन प्रश्नांतील अंतर एका अनपेक्षित ठिकाणी स्पष्ट दिसते. माइक पॉन्डस्मिथ ह्या अमेरिकन रचनाकाराने १९८८ मध्ये ‘सायबरपंक’ हा भूमिका-खेळ प्रसिद्ध केला. १९९० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. महाकाय कंपन्यांची सत्ता, मोडकळीला आलेली नगरे आणि यंत्रांशी जोडलेली मानवी शरीरे हे ह्या खेळाचे विश्व. त्यात खेळाडू आपल्यासाठी एक भूमिका निवडतो: कंपनीचा अधिकारी, भाडोत्री लढवय्या, भटक्या, गायक. दुसऱ्या आवृत्तीत पेहरावाचे वर्गही ठरवून दिलेले आहेत. सर्वसाधारण, फुरसतीचा, व्यावसायिक, उंची आणि भडक शहरी अशी त्यांची विभागणी असून वर्गानुसार किंमत बदलते. वेशभूषेचे भान हे तेथे स्वतंत्र कौशल्य मानले आहे. ह्याच विश्वावर आधारलेल्या २०२० मधील संगणकीय खेळात चार वेशशैली येतात, आणि गरज, शैली व आशय ह्यांपैकी कशाला प्राधान्य मिळते त्यावरून त्यांचे वेगळेपण ठरते. तळच्या वस्तीतील माणसाला शैलीची चैन परवडत नाही. शिखरावरच्याला शैली व आशय दोन्ही लाभतात.

हे वर्गचित्र उपरोधाने रेखाटलेले आहे आणि त्यातील टीका बोचरी आहे. तथापि त्याच्या मुळाशी एक गृहीतक दडलेले आहे. त्या नगरीत वेशाच्या आड येतो तो केवळ पैसा. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने उंची कोट चढवला तर त्याला कोणी अडवत नाही. म्हणजे वर्ग येथे किमतीच्या रूपाने प्रकट होतो, मनाईच्या रूपाने नव्हे.

महाराष्ट्राचा इतिहास ह्या गृहीतकाला सरळ छेद देतो. पेशवाईत सोनारांनी ब्राह्मणांप्रमाणे निऱ्या काढून धोतर नेसण्याचा आणि ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तो राजसत्तेच्या बळावर दडपला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिभेदाचे निर्मूलन’ ह्या विषयावरील आपल्या निबंधात ह्या प्रसंगाचा दाखला दिला आहे. ऐपतीचा प्रश्न येथे नव्हताच. धोतर विकत घेण्यास सोनार समर्थ होता. निरीचा अधिकार मात्र विकत मिळत नव्हता.

प्रवराकाठचे बेलापूर ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. ह्या गावाचे नाव धारण करणाऱ्या बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे होता. खेळातील कंपनीची नगरी कल्पनेतली आहे. येथे मात्र उसाच्या मळ्यांमध्ये कंपनीचे एक प्रत्यक्ष जगच उभे राहिले होते. त्याच हरेगावी डिसेंबर १९३९ मध्ये महार वतनदारांची परिषद भरली आणि तीत डॉ. आंबेडकर बोलले. वतन ही देखील एक ‘भूमिका’च होती. पण ती निवडलेली नव्हती, जन्माने गळ्यात पडलेली होती. काठी-घोंगडी ही तिची खूण. ही भूमिका नाकारण्याचा हक्क मागणे हा वतनविरोधी चळवळीचा गाभा होता. कायद्याने वतने नष्ट होण्यास पुढे १९५८ साल उजाडावे लागले.

त्यापूर्वी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा आणि जात ओळखू येईल असे दागिने टाकून देण्याचा सल्ला दिला होता. येथे एक आक्षेप संभवतो. वरच्या जातींचा वेश स्वीकारणे म्हणजे त्या वेशाची श्रेष्ठता मान्य करणे नव्हे काय? समाजशास्त्रात एम. एन. श्रीनिवास ह्यांनी रूढ केलेल्या ‘संस्कृतीकरण’ ह्या संज्ञेत असले वर्तन सहज बसवता येईल. परंतु ह्या आक्षेपाला महात्मा फुल्यांच्या वर्तनात एक उत्तर आहे. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्कारसमारंभाला फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. फुल्यांनी तळचा वेश दरबारात नेला. आंबेडकरांनी सूट अंगीकारला. वेश परस्परविरुद्ध, दावा मात्र एकच: आपण काय ल्यावे हे इतरांनी ठरवू नये. नैतिक मूल्य वस्त्रात नसून त्या निर्णयाच्या स्वामित्वात आहे. अनुकरणाचा आरोप वस्त्रापाशी थांबतो, म्हणून तो अपुरा पडतो.

भूमिका-खेळाचे देशी रूप म्हणजे बहुरूपी. फौजदाराचा गणवेश चढवून तो दारी येतो, खोटी जप्ती करतो, हशा पिकवतो आणि बक्षिसी घेऊन जातो. सत्तेचा वेश त्याला मिळतो तो ती सत्ता खोटी आहे ह्या अटीवर. आणि सोंग घेणे हेही पुन्हा जन्माने आलेले काम. ओळखीची ही चौकट मोडली की काय होते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळवणाऱ्यांच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठार केले. ते बहुरूपी नव्हते, त्यांनी कसलेही सोंग घेतलेले नव्हते. त्यांचे परकेपण हाच जमावाने पुरावा मानला. पॉन्डस्मिथच्या खेळात ‘भटक्या’ ही एक आकर्षक निवड आहे. राईनपाड्यात ती निवड नव्हती.

ह्यावरून असा खेळ निरर्थक ठरत नाही. दुसऱ्याचा वेश कल्पनेत चढवून पाहणे ही साहित्याचीही जुनी रीत आहे आणि तिच्यातून सहानुभूती जन्मू शकते. मात्र खेळाडू पटावरून उठतो तेव्हा त्याची भूमिका तेथेच राहते. वतनदार उठून गेला तरी वतन त्याच्या मागोमाग घरी जात असे. वेशाचे चिन्ह म्हणून वाचन करणाऱ्या समीक्षेने हा भेद विसरता कामा नये. चिन्हाचा अर्थ लावताना ते धारण करणाऱ्याला ते उतरवता येत होते की नाही, हे विचारले नाही, तर ते वाचन पेशवाईतल्या निरीच्या नियमाइतकेच काटेकोर होईल, आणि तितकेच निष्ठुरही.