सही कुणाची?

मिस्सा संपली की चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी कागद पुढे करतो आणि आपण सही करून मोकळे होतो. कागद रस्त्याचा होता की पाण्याचा, हे घरी पोहोचेपर्यंत आठवत नाही. समोरच्याचे मन मोडवत नाही, एवढेच कारण. अशी सही करताना आपण खरे बोलतो का?

गावातील वा वॉर्डातील परवानाधारक दारू दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २००८ साली आदेश काढला. महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्क्यांनी सह्यांचे निवेदन द्यायचे, सह्यांची पडताळणी व्हायची, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. (हातभट्टीचा येथे प्रश्नच नाही, ती मुळातच बेकायदा.)

मतदान गुप्त, सही मात्र उघडी. नवऱ्याच्या व्यसनाने जी सर्वांत अधिक पोळली आहे, तीच सही करायला घाबरते. नियम तिच्यावर कठोर आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण म्हणूनच जिच्या घरी मार नाही, तिने आधी पुढे व्हावे असे आम्हांला वाटते. आणि पुरुषांनीही, एकूण मतदारांचा मार्ग त्यांनाही मोकळा आहे.

आम्ही दारूचे नाव निघताच कानांवर हात ठेवणारे नव्हे. लग्नघरी ग्लास आपल्याकडेही फिरतो आणि काना गावच्या लग्नात प्रभूने काय केले, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याला दुकान राहावे असे मनापासून वाटते, त्याने तोंडावर नकार द्यावा. भिडेखातर केलेल्या सहीपेक्षा तो नकार आम्हांला अधिक मानाचा वाटतो.

कारण भिडेची सही पुढे दगा देते. समजा, यादीत १,२०० महिला आहेत. ३०० सह्या पुरतात. पण दुकान बंद व्हायला यादीतील निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान ६०१ मते आडव्या बाटलीला हवीत. ९०० जणी आल्या आणि ५९० जणींनी आडवी निवडली, तरी दुकान चालूच! घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्याच उपयोगी पडते, मग तिची सही निवेदनावर पहिली का असेना.

त्याआधी पडताळणी आहेच. तेथे नाव वाचून विचारतील, "बाई, ही सही तुमचीच ना?" पायऱ्यांवर घाईत केलेली सही त्या वेळी आठवायला हवी.