कसं तरी होईल

निरोपाच्या पार्टीत कोणतं गाणं म्हणायचं, यावर मी २०१८ च्या मार्चमध्ये तीन आठवडे घालवले. नागोयातल्या कंपनीत तेव्हा मला चार वर्षं होत आली होती. आमच्या विभागातल्या एक बाई ३१ मार्चला जाणार होत्या. तिकडच्या रिवाजाप्रमाणे आधी सोबेत्सुकाई, म्हणजे निरोपाचं खाणंपिणं, आणि नंतर निजिकाई, म्हणजे दुसरी बैठक, कराओकेच्या खोलीत. गाण्यांचं मी बघतो, असं मी आपणहून म्हटलं. गळा बरा होता, आणि पुण्याहून आलेला माणूस जपानी गाणं म्हणतो याचं तिकडे फार कौतुक. त्या कौतुकाची मला चटक लागली होती.

तयारी कसून केली. दर रविवारी कानायामा स्टेशनजवळ एकट्यासाठी खोली घ्यायची आणि दोन तास घोकायचं. एकट्याने असं गायला जाण्याला तिकडे 'हितोकारा' असा शब्दच आहे. पडद्यावर कांजीच्या डोक्यावर उच्चाराची बारीक अक्षरं असतात, पण ओळ रंग बदलत पुढे सरकते आणि डोळा मागे राहतो. म्हणून मी सगळी गाणी वहीत देवनागरीत उतरवली. त्यात काही बिघडत नाही. जपानी काना-अक्षरांचा आ-का-सा-ता-ना हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून, आपल्या वर्णमालेवरूनच तर आलाय. 'त्सु' म्हणतानाही मराठी जीभ अडत नाही. चमचा म्हणता येतो, त्याला त्सु म्हणता येतं.

निवड मात्र सोपी नव्हती. 'होतारु नो हिकारी' ही जुनी स्कॉटिश चाल आता दुकानं बंद होताना वाजवतात. ती म्हणणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवणं. 'ओकुरु कोतोबा' हे १९७९ चं गाणं शाळेवरच्या एका टीव्ही मालिकेमुळे निरोपाचं झालं, पण मुळात ते प्रेमभंगाचं. 'सान्गात्सु कोकोनोका', म्हणजे ९ मार्च, एका मित्राच्या लग्नासाठी लिहिलेलं, आणि आता शाळेचा निरोप घेताना म्हणतात. मिसोरा हिबारीचं १९८९ मधलं 'कावा नो नागारे नो यो नी' ऐकताना ऐकणारे गप्प होतात, पण ते आयुष्य जगून झालेल्या माणसाचं गाणं. हिबारी त्याच वर्षी जूनमध्ये गेली. आमच्या बाई ५३ वर्षांच्या होत्या आणि निवृत्त होत नव्हत्या. शेवटी ठरलं 'नागोरीयुकी'. इसे शोझोने लिहिलेलं, १९७५ मध्ये इरुकाच्या आवाजात गाजलेलं. फलाट, सुटायला आलेली गाडी, वसंत लागल्यावर पडलेला उशिराचा बर्फ. लोक रडतील, असा माझा हिशेब होता. हिशेब हाच शब्द बरोबर आहे.

'नागोरी' या शब्दाचा नेमका अर्थ मला लागत नव्हता. तो मी बाईंनाच विचारला, कशासाठी ते न सांगता. हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. लाट मागे गेल्यावर वाळूत जे पाणी राहतं, ते म्हणे मुळात नागोरी. 'नामी' म्हणजे लाट, 'नोकोरी' म्हणजे उरलेलं. मी तो कागद वहीत ठेवला, आणि आपण किती मनापासून तयारी करतोय याचं मला स्वतःचंच भरून आलं.

आता ते, जे गाण्यांच्या यादीखाली मी इतके दिवस दाबून ठेवलं.

बाई करारावर होत्या. करार दर एप्रिलला नवा व्हायचा. २०१३ च्या एप्रिलपासून जपानात कायदा बदलला: एकाच मालकाकडे करारावरची नोकरी एकूण पाच वर्षांच्या पुढे गेली, की कामगाराला बेमुदत नोकरी मागायचा हक्क मिळतो. बाई नेमक्या त्याच एप्रिलमध्ये लागल्या होत्या. २०१८ चा करार झाला असता, तर तो हक्क त्यांच्या हातात आला असता. करार झाला नाही. त्या वर्षी जपानभर कितीतरी लोकांचे करार याच उंबरठ्यावर संपले.

आदल्या डिसेंबरात विभागप्रमुखांनी मला बोलावलं. एप्रिलपासून त्या नसतील तर तुमच्या बाजूचं काही अडेल का, असं विचारलं. पुण्याला जाणाऱ्या मालाची कागदपत्रं, पुरवठादारांचा पत्रव्यवहार, नकाशांच्या सुधारित आवृत्त्यांचा हिशेब, हे सगळं बाई पाहत होत्या. मी नवा आलो तेव्हा वॉर्ड ऑफिसात माझ्याबरोबर त्याच आल्या होत्या, कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा याचा तक्ता माझ्या फ्रिजवर त्यांनीच चिकटवला होता. मी म्हटलं, "नान्तोका नारिमासु." कसं तरी होईल. उत्तर द्यायला पाच सेकंदही लागले नाहीत. माझी स्वतःची मुदतवाढ फेब्रुवारीत ठरायची होती, आणि ज्याचं काही अडत नाही असा माणूस म्हणून मला दिसायचं होतं.

निर्णय आधीच वर झालेला होता, हे मला मागाहून कळलं. त्या माहितीवर मी बरीच वर्षं काढली. तुझ्या होकार-नकाराने काय फरक पडणार होता, असं मन विचारायचं आणि मी गप्प व्हायचो. पण त्या खोलीत बसलो होतो तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. माझ्या उत्तरावर त्यांची नोकरी अवलंबून असू शकते, असं समजूनच मी ते उत्तर दिलं. फरक पडला नाही, हा योगायोग. त्याचं श्रेय मला नाही.

आणि मग तीन आठवडे गाणं. आपल्याकडे ज्याची बढती अडवली त्यालाच शाल-श्रीफळ देताना अडवणाऱ्याचा गळा सर्वात जास्त दाटतो, हे पाहून मी पुण्यात कितीदा हसलो होतो.

पार्टीत दोन तास हवं तितकं प्या असा बेत, नंतर फुलं, नंतर सगळ्यांनी चार-चार ओळी लिहिलेला चौकोनी पुठ्ठा. त्यावर मी सुबक अक्षरात लिहिलं होतं: तुमच्याशिवाय ऑफिस कसं चालेल? विभागप्रमुखांनी तो पुठ्ठा हातात घेऊन सगळा वाचला. माझ्या ओळींपाशी ते किंचित थांबले, असं मला वाटलं. कदाचित थांबले नसतील.

निजिकाईत मी 'नागोरीयुकी' म्हटलं. यंत्राने ९१ गुण दिले, टाळ्या पडल्या, हिशोब विभागातल्या दोघींनी डोळे टिपले. बाई रडल्या नाहीत. छान म्हटलंस, असं म्हणून त्यांनी स्वतःच यंत्राची पाटी ओढली आणि एक गाणं टाकलं: पिंक लेडीचं 'यूएफओ', १९७७ चं. तेव्हा त्या सातवीत असणार. त्या पिढीच्या मुलींना त्या जोडीचे नाच तोंडपाठ. जोडीचं गाणं म्हणून दुसरा माइक त्यांनी माझ्या हातात दिला. मला त्यातला एक शब्द येत नव्हता. त्या चष्मा काढून ठेवून, हात डोक्यावर नेत, एकही पाऊल न चुकता नाचल्या. शेजारी मी माइक धरून उभा. खोली हसून हसून लोळली, आणि मीही हसलो. तीन आठवड्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्हाला कोणतं गाणं आवडतं. विचारायला त्यांच्या डोळ्यात बघावं लागलं असतं.

संपायला दहा मिनिटं आहेत, असा खोलीतला फोन वाजला, तेव्हा त्या प्रत्येकाचा कोट काढून देत होत्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याच्या मालाचे कागद अडले. मी बाईंना निरोप पाठवला, त्यांनी कपाट, खण आणि फाइलचा रंग कळवला. त्या महिन्यात मी आणखी तीनदा विचारलं. दर वेळी तासाभरात उत्तर आलं. कसं तरी झालं ते असं झालं.

दर नव्या वर्षाला त्यांचं हाताने लिहिलेलं कार्ड येतं. मीही पाठवतो. डिसेंबरातलं ते उत्तर मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.